कोणती खुर्ची कोणत्या खुर्चीसमोर मांडायची

राज्यशास्त्राच्या एम.ए.ला तुलनात्मक राजकारणाचा पेपर असतो आणि त्यातले देश ठरलेले असतात: ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, स्वित्झर्लंड, फार तर चीन. अमेरिकन सिनेटची मुदत आम्हाला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता आली असती. नेपाळमध्ये गावपातळीवर कोण निवडून येतं, हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यांचे कागद देवनागरीत असतात, त्यांनी २०१५ साली नवं संविधान स्वीकारून देश संघराज्य केला आणि गावांच्या हातात मोठी सत्ता दिली. तरी आपल्या तुलनेच्या नकाशावर तो देश नाही. मला हे खटकत होतं. म्हणून पीएच.डी.ला विषय घेतला तो महाराष्ट्र आणि नेपाळमधल्या स्थानिक सत्तेतल्या महिलांचा.

कागदावर जोडी उत्तम होती. आपल्याकडे ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या ५० टक्क्यांवर नेल्या. नेपाळमध्ये वीस वर्षं स्थानिक निवडणूकच झाली नव्हती. ती २०१७ साली तीन टप्प्यांत झाली आणि निवडून आलेल्या सुमारे ३५ हजार प्रतिनिधींमध्ये जवळपास ४१ टक्के स्त्रिया होत्या. प्रत्येक वॉर्डात, म्हणजे त्यांच्या 'वडा'त, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्या चारांत दोन स्त्रिया असल्याच पाहिजेत आणि त्यातली एक दलित. आपल्याकडेही अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांसाठी जागा आहेत, पण देशातल्या एकूण एक वॉर्डात दलित स्त्रीची खुर्ची ठेवायची, हा विचार मला फार मोलाचा वाटला.

माझ्या गाईड मॅडमनी पहिला प्रस्ताव वाचून समासात एकच शब्द लिहिला होता: 'एकक?' म्हणजे, कुठल्या पदाची तुलना कुठल्या पदाशी? पुढचे कित्येक महिने माझं काम म्हणजे या शब्दाला उत्तर देणं होतं, आणि आज विचाराल तर सगळ्या प्रबंधातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मी तोच मानते.

अडचण अशी. महाराष्ट्रात २८ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. नेपाळमध्ये गाउँपालिका (म्हणजे ग्रामीण पालिका), नगरपालिका सगळ्या धरून स्थानिक पालिका ७५३. तिथली लोकसंख्या तीन कोटींच्या आत आहे, म्हणजे एका पालिकेच्या वाट्याला सरासरी ३८-३९ हजार माणसं येतात. आपली साधारण ग्रामपंचायत दोन-तीन हजारांची. आकार पाहिला तर गाउँपालिका आपल्या पंचायत समितीच्या जवळ जाते. पण पंचायत समितीकडे आहे काय? नेपाळच्या संविधानाच्या आठव्या अनुसूचीने पालिकांना २२ विषय दिलेत, त्यात माध्यमिक शिक्षणापर्यंतची शाळा आहे, कर आहे, स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार आहे. आपल्या पंचायत समितीच्या सभापतींना हे ऐकून नवल वाटेल. मग सरपंचाच्या समोर कुणाला बसवायचं? लोकसंख्येने जवळचा म्हणून वडा अध्यक्ष? अधिकाराने मोठा म्हणून पालिकेचा अध्यक्ष? की स्त्रिया ज्या पदावर मोठ्या संख्येने आहेत ते उपाध्यक्षपद?

आकडे मांडले तेव्हा हा प्रश्न किती खोल आहे ते दिसलं. सरपंचासमोर वडा अध्यक्ष ठेवला तर महाराष्ट्रात निम्म्या सरपंच स्त्रिया आणि नेपाळमध्ये ६,७४३ वडांपैकी जेमतेम एक टक्क्यात स्त्री अध्यक्ष, कारण त्या पदाला आरक्षण नाही. सरपंचासमोर पालिकेचा प्रमुख, म्हणजे गाउँपालिकेचा अध्यक्ष किंवा नगरपालिकेचा मेयर, ठेवला तर २०१७ मध्ये ७५३ पैकी १८ स्त्रिया. आणि उपप्रमुखपद घेतलं तर त्याच निवडणुकीत ७०० च्या घरात, म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त! एकच देश, एकच निवडणूक, आणि समोरची खुर्ची बदलली की निष्कर्ष उलटा होतो. 'नेपाळ पुढे की महाराष्ट्र पुढे' असं विचारणाऱ्या कुणालाही मी आधी हा तक्ता दाखवते.

आम्ही शेवटी ठरवलं की एक जोडी निवडायचीच नाही. तिन्ही मांडायच्या, आणि प्रत्येक खुर्ची प्रत्यक्षात काय करते हे बसून पाहायचं. संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. व्याप फार वाढतो असा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. त्यावर दोन्हीकडे गावं कमी घ्यायची आणि प्रत्येक ठिकाणी जास्त राहायचं, असा तोडगा निघाला.

महाराष्ट्रात मी सातारा जिल्ह्यातला डोंगराळ भाग घेतला. नेपाळची गावं मी काभ्रेपलाञ्चोक (थोडक्यात काभ्रे) जिल्ह्यात घेणार होते, तीही डोंगरातली. पाऊस, पाण्याची टंचाई, कामासाठी बाहेर गेलेले पुरुष, हे दोन्हीकडे सारखं असावं म्हणजे फरक दिसला तर तो नियमांचा आहे असं काही एका खात्रीने म्हणता येईल, हा हेतू. एका गावातले पुरुष मुंबईला जातात, दुसऱ्यातले आखातात आणि मलेशियात.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मी तहसीलच्या सभागृहात बसून पाहिली. काचेची बरणी, घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि चिठ्ठी काढायला बोलावलेली शाळेच्या गणवेशातली एक लहान मुलगी. गावाचं नाव पुकारलं आणि 'सर्वसाधारण महिला' असं वाचलं गेलं की मागच्या रांगांतून एकदम आवाज उठायचा. वर्षभर तयारी करून बसलेली माणसं तिथल्या तिथे फोन काढून घरी बोलायला लागायची. सभागृहात बहुतेक पुरुषच होते आणि पाच वर्षं कुणाची बायको सरपंच होणार हे त्या फोनवर ठरत होतं, हे खरं. पण बरणीपुढे कुठल्याही पुढाऱ्याचं काही चालत नव्हतं, हेही तितकंच खरं. संशोधनासाठी ही सोडत वरदान आहे. कुठल्या गावात स्त्री येणार हे चिठ्ठी आणि फिरती पाळी यांवर ठरत असल्यामुळे आरक्षित आणि बिगर-आरक्षित गावांची सरळ तुलना करता येते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानच्या पंचायतींवर २००४ साली प्रसिद्ध केलेलं काम अशाच पाळीवर उभं आहे. स्त्रिया ज्या गरजा मांडतात त्यांवर आरक्षित पंचायती जास्त खर्च करतात, असं त्यांना आढळलं. नेपाळमध्ये अशी सोय नाही. तिथे स्त्री कुठल्या पदावर उभी राहणार हे पक्ष ठरवतो.

गावांमधल्या मुलाखतींबद्दल सगळ्यांना वाटतं की नवराच उत्तरं देत असेल. देतात, पुष्कळ ठिकाणी देतात. पहिली मुलाखत ओसरीवर, सगळ्यांसमोर होते, आणि ती द्यावीच लागते. खरं बोलणं नंतर होतं, चुलीपाशी, शेताच्या बांधावर, किंवा तालुक्याच्या एसटीत शेजारी बसल्यावर. पण 'निर्णय कोण घेतं' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. सगळ्या म्हणतात, आम्ही मिळून घेतो. म्हणून मी एक वेगळा प्रश्न धरला: डीएससी, म्हणजे डिजिटल सहीची चावी, कुठे असते?

ग्रामपंचायतीचे पैसे आता ऑनलाइन जातात. ठेकेदाराचं बिल निघायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल सही लागते आणि ती पेनड्राइव्हएवढ्या चावीत असते. ती चावी कुठे ठेवली आहे, यावर त्या गावाची सत्ता कळते. कुठे ती ग्रामसेवकाच्या कपाटात होती. कुठे नवऱ्याच्या मोटरसायकलच्या किल्लीच्या कडीला. एका गावातल्या सरपंच ताईंनी ती कमरेच्या बटव्यातून काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "ही माझ्यापाशी हाय म्हणून बिलाचा कागद आधी मला वाचून दावतात. एकदा पायपाचं बिल आलं, म्या म्हणलं पाईप दाखवा. पाईप आलाच नव्हता." त्या सातवी शिकलेल्या. पाण्याच्या टाकीचा कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवला तर कुठल्या आळीला पाणी कमी पडतं हे त्या हाताने हवेत नकाशा काढून सांगत होत्या. अशी माणसं अभ्यासात 'प्रॉक्सी', म्हणजे नावापुरत्या, सरपंच या एका शब्दाखाली गाडली जातात, याचा मला आजही राग येतो.

नेपाळला मी उन्हाळ्याच्या शेवटी गेले, कारण अर्थसंकल्प पाहायचा होता. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची सीमा पायी ओलांडून पलीकडून काठमांडूची बस. तिथल्या पालिकांना पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प १० असारच्या आत सभेत मांडावाच लागतो, म्हणजे आपल्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात. आणि तो तयार करणाऱ्या समितीचं नेतृत्व असतं उपाध्यक्षांकडे. त्या आठवड्यांत पालिकेत पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक वडा अध्यक्ष आपल्या रस्त्याची यादी घेऊन उपाध्यक्षांच्या खोलीबाहेर उभा. ते जवळजवळ सगळे पुरुष आणि आत बसलेली बाई. साताऱ्यात इतकी गावं पाहून गेल्यावर हे दृश्य मला थांबून पाहावं लागलं.

तिथल्या कागदांचा एक विशेष सांगायला हवा. सगळं विक्रम संवतात. संवताचं वर्ष एप्रिलच्या मध्यात बदलतं आणि आर्थिक वर्ष साउनच्या १ तारखेला, म्हणजे जुलैच्या मध्यात सुरू होतं. आपलं एप्रिल ते मार्च. खर्चाचे आकडे शेजारी मांडताना हा साडेतीन महिन्यांचा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण टाळेबंदी दोन्ही देशांत मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात लागली. आपल्याकडे ते आर्थिक वर्ष संपतच आलं होतं, त्यामुळे सगळा फटका २०२०-२१ मध्ये दिसतो. नेपाळचं २०७६/७७ हे वर्ष तेव्हा ऐन भरात होतं, आणि तिथे विकासाचा खर्च वर्षाच्या शेवटी, असारात, एकदम होतो. हे माहीत नसेल तर नेपाळच्या त्या वर्षीच्या उपाध्यक्षांनी काम केलं नाही असा शेरा कुणीही मारेल. मी सगळे आकडे महिन्यांनुसार फोडून पुन्हा लावले. फार कंटाळवाणं काम आहे, पण दोन देश शेजारी ठेवायचे तर ते टाळता येत नाही.

नेपाळी मी आधी शिकून गेले होते, तरी मुलाखतींच्या वेळी त्रिभुवन विद्यापीठातली एक विद्यार्थिनी सोबत असायची. ती नसती तर न्यायिक समितीची सुनावणी मला अर्धीच कळली असती.

न्यायिक समिती हे या सगळ्यातलं सर्वांत अनोखं प्रकरण. संविधानाच्या २१७ व्या कलमाने प्रत्येक पालिकेत तीन जणांची समिती नेमली आहे आणि तिची संयोजक उपाध्यक्षच असते. बांधाची भांडणं, पाटाच्या पाण्याचा वाटा, न दिलेली मजुरी, म्हाताऱ्या आईबापांना न सांभाळणं, बायकोमुलांना अन्नवस्त्र न देणं, असे वाद ती ऐकून निकाल देऊ शकते. आणखी काही प्रकरणांत फक्त समेट घडवू शकते, नवराबायकोने वेगळं होणं हे त्यातलंच. निकाल पटला नाही तर जिल्हा न्यायालय आहे.

मी पाहिलेल्या एका सुनावणीत तक्रार करणारी सत्तरीच्या पुढची एक आमा, म्हणजे आई, होती. जमीन मुलाच्या नावे केल्यावर मुलाने चूल वेगळी केली होती. उपाध्यक्षांनी तिला "आमा, बस्नुस्" म्हणून आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं आणि मुलाला समोर. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत, फक्त ऐकत होत्या आणि वहीत टिपत होत्या. मुलगा म्हणाला, मी महिन्याला तांदूळ देतो. त्यांनी विचारलं, किती पाथी? (पाथी हे तिथलं धान्याचं माप.) तो गडबडला. आमाने बोटं दाखवली. मग उपाध्यक्षांनी किती तांदूळ, किती रोख, औषधाचा खर्च कुणाचा आणि कुठल्या तारखेला द्यायचं हे एकेक करून लिहवून घेतलं, कायद्याच्या सहायकाने तो कागद मोठ्याने वाचला, आणि मुलाने सही केली, आमाने अंगठा उठवला. खोलीच्या दारात दुसऱ्या पक्षाचा एक वडा अध्यक्ष आपल्या कामासाठी ताटकळत होता आणि मधे बोलायचं धाडस त्याने केलं नाही. उपाध्यक्षांचे यजमान खाली अंगणात मोटरसायकलवर बसून होते. वर यायचं त्यांना कारणच नव्हतं, ती समिती त्यांच्या बायकोच्या पदाच्या नावाने संविधानात लिहिलेली होती.

आपल्याकडे नेमका आरसा उलटा आहे. सरपंचपद स्त्रीला राखीव झालं की गावातला वजनदार माणूस सदस्य म्हणून उभा राहतो आणि उपसरपंच होतो, कारण त्या पदाला आरक्षण नाही. नेपाळमध्ये तो अध्यक्ष होतो आणि स्त्री उपाध्यक्ष. दोन्हीकडे पुरुषाने आपली जागा शोधली आहे. फरक हा की नेपाळच्या दुसऱ्या खुर्चीला कायद्याने तिचं स्वतःचं काम दिलंय, आणि आपल्या पहिल्या खुर्चीचं काम एका चावीत आहे, जी दुसऱ्याच्या खिशात जाऊ शकते.

हे असं का झालं, याचं उत्तर मला निवडणुकीच्या नियमांत मिळालं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेल असतात, त्यांच्यामागे पक्ष असतात, पण मतपत्रिकेवर पक्ष नसतो. त्यामुळे कायद्याला पक्षाला बांधता येत नाही, तो जागेलाच बांधतो: या गावचं पद या वेळी स्त्रीचं. नेपाळमध्ये स्थानिक निवडणूकही पक्षचिन्हावर लढली जाते, आणि कायदा पक्षाला सांगतो की प्रमुख आणि उपप्रमुख या दोन उमेदवारांत एक स्त्री दे. कुठलं पद द्यायचं ते पक्षाने पाहावं. पक्षांनी ते पाहिलं, आणि जवळजवळ सगळीकडे तिला दुसरं पद दिलं.

त्यातही पळवाट होती. पक्ष दोन्हीपैकी एकाच पदावर उमेदवार देत असेल तर ही अट लागू होत नाही. मे २०२२ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षांनी आघाडी केली, एकाने प्रमुखपद घेतलं, दुसऱ्याने उपप्रमुखपद, आणि दोन्हीकडे पुरुष उभे करायला ते मोकळे झाले. स्त्री उपप्रमुख ७०० वरून साडेपाचशेच्या थोड्या वर आल्या. प्रमुखपदी स्त्रिया १८ च्या २५ झाल्या. पहिल्या पाच वर्षांत ज्यांनी न्यायिक समित्या उभ्या केल्या, त्यातल्या कित्येकींना पक्षाने दुसऱ्यांदा विचारलंही नाही. "म मेयरको लागि तयार थिएँ," असं एक माजी उपमेयर मला म्हणाल्या. मी मेयरपदासाठी तयार होते. त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा हिशेब जास्त होता: आपण किती अर्ज निकाली काढले, किती वाद मिटवले, हे त्या वही उघडून सांगत होत्या. आपल्याकडच्या सरपंच ताईंना दुसरी मुदत न मिळण्याचं कारण वेगळं, पुढच्या सोडतीत पद खुलं होतं आणि घरचे म्हणतात आता पुरे. एका ठिकाणी पक्ष अडवतो, दुसऱ्या ठिकाणी आरक्षणाची फिरती पाळी. अनुभव मात्र दोन्हीकडे पाच वर्षांत घरी परततो.

लिहिण्याचा टप्पा लांबला. मुलाखती उतरवणं, त्यांना कोड लावणं, नेपाळी उतारे पुन्हा त्या विद्यार्थिनीकडून तपासून घेणं, अहवाल, साहित्यचोरीची तपासणी, पूर्व-सादरीकरण. यातलं काही सांगण्यासारखं नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. एवढंच सांगते की दोन देशांवर काम करणार असाल तर दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्याचं मानधन आणि श्रेय दोन्ही प्रस्तावातच लिहून ठेवा.

व्हायवात बाहेरच्या परीक्षकांनी सरळ विचारलं: मग नेपाळने आपल्यासारखी सोडत काढावी का? मी हो म्हणाले. पक्षचिन्ह असलं म्हणून सोडतीला अडत नाही, आपल्या नगरपरिषदांच्या निवडणुका चिन्हावर होतात आणि नगराध्यक्षपदाचं आरक्षण सोडतीनेच निघतं. प्रमुखपद फिरत्या पाळीने राखलं तर पक्षाची आघाडी असो वा नसो, काही गावांत स्त्री पहिल्या खुर्चीवर बसेलच. त्यांनी उलट बाजू विचारली, आपण नेपाळकडून काय घ्यावं? मी म्हणाले, सरपंचाला असं एखादं काम द्या जे कायद्याने तिनेच, समोर बसून, लोकांचं ऐकून करायचं आहे, आणि ज्याची नोंद तिच्या नावाने राहते. त्यावर एक सदस्य म्हणाले की गावात न्यायनिवाडा सरपंचाकडे दिला तर जातीचं राजकारण शिरेल. ही भीती खोटी नाही. काभ्रेतही मला अशा तक्रारी ऐकू आल्या होत्या, विशेषतः दलित घरांकडून, आणि त्या मी प्रबंधात दिल्या आहेत. म्हणून मी निवाड्याचा आग्रह धरला नाही, सुनावणीचा धरला: पाणी, रेशन, घरकुल यांच्या तक्रारी महिन्यातून एकदा सरपंचांनी स्वतः ऐकायच्या आणि त्यांच्या सहीने उत्तर द्यायचं.

नेपाळची पुढची स्थानिक निवडणूक २०२७ मध्ये यायला हवी. आघाडीची ती पळवाट तोवर बुजते का, आणि २०१७ च्या उपाध्यक्षांपैकी कोण प्रमुखपदाला उभ्या राहतात, याची यादी मी आतापासून ठेवते आहे. साताऱ्याकडच्या माझ्या गावांमध्ये पदं खुली झाल्यावर जुन्या सरपंच ताई सदस्य म्हणून तरी उभ्या राहतात का, हेही त्याच वहीत आहे.